एकशेवीस तासांची उमेदवारी

दुसरं सेमिस्टर सुरू झालं की स्टाफरूमच्या दाराशी एमए, एमकॉम, एमएस्सीची मुलं घुटमळायला लागतात. ओजेटीचे फॉर्म आलेले असतात. प्रश्न ठरलेले. ‘सर, मामांच्या ऑफिसात केलं तर चालेल का?’ ‘सर, घरी बसून केलं तर?’ आणि सगळ्यांत खरा प्रश्न, म्हणूनच जरा हळू आवाजात: ‘सर, नुसतं सर्टिफिकेट आणलं तर?’

ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. मुंबईच्या उपनगरातल्या आमच्या कॉलेजात हे खातं माझ्या गळ्यात आहे. मुलांना जागा शोधून द्यायची, अधूनमधून तिथे जाऊन यायचं, शेवटी अहवाल तपासायचे. पालकांना आणि पुष्कळशा प्राध्यापकांनाही हे नेमकं कशासाठी आहे याचा पत्ता नसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी हिशेब. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सालचं. महाराष्ट्रात पदव्युत्तर वर्गांना ते २०२३-२४ पासून लागू झालं. दोन वर्षांचे मिळून ८८ क्रेडिट, म्हणजे सेमिस्टरला २२. त्यातले ४ क्रेडिट दुसऱ्या सेमिस्टरमध्ये ओजेटीला किंवा त्याऐवजी फील्ड प्रोजेक्टला. प्रत्यक्ष कामाचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट, तेव्हा चार क्रेडिटचे १२० तास. रोज आठ तास धरले तर पंधरा दिवस, सहा तास धरले तर वीस. बदलापूरहून अंधेरीला जाणाऱ्या मुलाचे जाण्यायेण्यात रोज चार तास जातात, म्हणजे पंधरा दिवसांत साठ. ते क्रेडिटमध्ये धरत नाहीत. धरले असते तर मुंबईतली निम्मी मुलं पहिल्या वर्षीच पास झाली असती.

पहिल्या वर्षाचे ४४ क्रेडिट घेऊन पीजी डिप्लोमावर बाहेर पडायचीही सोय आहे. जो तसा बाहेर पडतो, त्याच्या पदव्युत्तर शिक्षणातला कामाच्या जागेचा अनुभव या पंधरा-वीस दिवसांतच संपतो.

मराठीत या प्रकाराला जुना शब्द आहे: उमेदवारी. आज उमेदवार म्हटलं की निवडणूक आठवते, पण आपल्या आजोबांच्या पिढीत ‘अमक्याच्या पेढीवर उमेदवारी केली’ म्हणजे पुढे काम मिळेल या उमेदीवर तिथे राबून शिकलो, असा अर्थ होता. रेल्वेच्या आणि बेस्टच्या जाहिरातीत ‘शिकाऊ उमेदवार’ अजून छापून येतो. कायदाही आहे, १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम. ओजेटी त्या कायद्याखालची नव्हे. तिथे करार असतो, नोंदणी असते, विद्यावेतन असतं. ओजेटी हा अभ्यासक्रमाचा भाग. पण जात एकच.

आता ‘एम्प्लॉयेबिलिटी स्किल्स’ या भल्यामोठ्या शब्दाकडे. सरकारी मराठीत ‘रोजगारक्षमता कौशल्ये’. सेमिनारात यावर स्लाइड दाखवतात आणि संवादकौशल्य, संघभावना, नेतृत्व, वेळेचं नियोजन असे आठ-दहा गोल काढतात. मला ते गोल कधी उपयोगी पडले नाहीत. मी मुलांना एवढंच सांगतो, की कामाला लागणं वेगळं आणि कामाचा होणं वेगळं. मुलाखत दिली, निवड झाली, कामाला लागलात. दोन महिन्यांनी साहेब सुट्टीवर जाताना तुमच्या भरवशावर एखादी गोष्ट टाकून जातो का, यावरून कळतं कामाचे झालात की नाही.

मग एमएपर्यंत शिकलेला मुलगा कामाचा नसतो का? विषय त्याला पुरेसा येतो. अडचण वेगळी आहे. परीक्षेतल्या गणितात लागणारे सगळे आकडे दिलेले असतात, एकही जास्तीचा नसतो, उत्तर एकच असतं आणि चुकलं तर नुकसान फक्त स्वतःचं. ऑफिसातल्या गणितात निम्मे आकडे गायब, उरलेल्यांतले काही चुकीचे, गणित नेमकं कोणतं आहे हेच कुणी सांगितलेलं नसतं, आणि चुकलं तर शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा शनिवार जातो. ज्ञान तेच, पण ते या दुसऱ्या जागी आपोआप चालत येत नाही.

एक उदाहरण जरा जवळून सांगतो. एमएस्सी मायक्रोबायोलॉजीची आमची एक मुलगी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये गेली होती. वर्गातली पहिली-दुसरी. चौथ्या दिवशी तिचा फोन. ‘सर, मला ओरडा बसला.’

झालं होतं असं. तिने प्लेटवर वाढलेल्या सूक्ष्मजीवांच्या कॉलनी मोजल्या, आकडे हाताशी असलेल्या चिटोऱ्यावर टिपले आणि मग सावकाश, सुंदर अक्षरात लॉगबुकात उतरवले. उतरवताना एका ठिकाणी ७६ चं ६७ झालं. तिने त्यावरच गिरवून ७६ केलं. सुपरवायझर बाईंनी पान पाहिलं आणि आधी चिटोरा मागितला. तो कचऱ्यात गेला होता. मग त्यांनी गिरवलेल्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं, ‘याच्याखाली काय होतं?’

औषधांच्या लॅबमध्ये नियम असा, की मोजलेला आकडा त्याच क्षणी थेट नोंदवहीत गेला पाहिजे. चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि का बदलला ते. गिरवणं नाही. व्हाइटनरचा तर विषयच नाही. कारण त्या बॅचबद्दल पुढे कधी तक्रार आली, तर तपासायला येणाऱ्या माणसासमोर ती मुलगी नसेल, प्लेट नसेल, फक्त ते पान असेल.

आता गंमत बघा. चांगल्या उत्पादन पद्धतींवर तिने परीक्षेत टीप लिहिली होती, मार्कही पैकीच्या पैकी. आणि त्याच वेळी आम्ही तिला इतकी वर्षं काय शिकवलं? आधी रफ, मग फेअर. जर्नल स्वच्छ हवं, खाडाखोड दिसता कामा नये, अक्षराला मार्क. कॉलेजात ज्याला आम्ही नीटनेटकेपणा म्हणत होतो, तो त्या लॅबमध्ये पुरावा नष्ट करण्याचा प्रकार ठरला. हे मला स्टाफरूममध्ये बसून दहा वर्षांत सुचलं नसतं. त्या बाईंनी तिला आणि तिच्यामार्फत मलाही ते दहा मिनिटांत शिकवलं.

यातली सुपरवायझर काढून टाका आणि मुलीला त्या लॅबमध्ये १२० च्या जागी ५०० तास बसवा. ती ५०० तास सुंदर अक्षरात गिरवत राहील. कामाच्या जागी नुसतं असणं कुणाला काही शिकवत नाही. खरं काम हातात पडावं लागतं, त्यातली चूक कुणीतरी दाखवावी लागते, आणि ती का चूक होती यावर नंतर थोडा वेळ डोकं चालवावं लागतं. यातली एक गोष्ट जरी सुटली तरी उरतो तो शिक्का.

‘पण सर, खरं काम देतंय कोण? झेरॉक्स काढायला लावतात.’ ही तक्रार दरवर्षी येते आणि ती निम्मी खरी असते. यासाठी जरा लांब, आफ्रिकेत जावं लागेल. जीन लेव्ह नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात लायबेरियातल्या शिंप्यांकडे उमेदवारी करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. कपडा तयार होतो तो कापणं, शिवणं, शेवटची बटणं-इस्त्री या क्रमाने. पोरं शिकत होती बरोबर उलट्या क्रमाने: आधी बटणं आणि हाताची टीप, मग मशीनवरची शिलाई आणि सगळ्यात शेवटी कात्री. कारण सरळ आहे. बटण चुकीचं लागलं तर उसवता येतं, कापड चुकीचं कापलं तर गेलं. आणि बटणं लावता लावता तयार कपडा शंभरदा हाताखालून जातो, तो कसा जोडलेला आहे हे कळत जातं. पुढे १९९१ मध्ये लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी यावरून मांडलं, की माणूस कामात शिरतो तो कडेकडेने, छोट्या पण खऱ्या कामातून, आणि हळूहळू मध्यभागी सरकतो.

दादर-परळच्या कुठल्याही जुन्या टेलरला हे सांगितलंत तर तो म्हणेल, यात नवीन काय, आमच्याकडेही पोऱ्या आधी काज-बटणच करतो.

तेव्हा झेरॉक्स काढायला लावली म्हणून लगेच रडू नये. प्रश्न एवढाच, की ते बटण खऱ्या सदऱ्याला लागतंय का आणि तो सदरा तुम्हाला दिसतोय का? वकिलाच्या ऑफिसात कागदांच्या प्रती काढताना कुठल्या अर्जाला कुठली जोडपत्रं लागतात हे वाचता आलं, तर तो धडा आहे. पंधरा दिवस एका यादीतले फोन नंबर दुसऱ्या यादीत चिकटवले, ती यादी कशाची हेही माहीत नाही, आणि विचारलं तर ‘तू कर ना’ एवढंच उत्तर आलं, तर ती फुकटची हमाली. पहिल्या आठवड्यात काज-बटण ठीक. तिसऱ्या आठवड्यातही तेच असेल तर मला फोन करा, असं मी सांगून ठेवतो.

अर्थशास्त्राच्या एका मुलाला एका सामाजिक संस्थेने पाहणीचे आकडे साफ करायला दिले. वरवर कंटाळवाणं काम. ‘जवळचं स्टेशन’ या रकान्यात लोकांनी कुठे एल्फिन्स्टन लिहिलेलं, कुठे प्रभादेवी, कुठे परळ. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी २०१८ मध्येच झालं, पण लोकांच्या तोंडी दोन्ही. परळ हे वेगळं स्टेशन, पण पठ्ठ्याने तेसुद्धा त्यातच घातलं, पूल एकच आहे म्हणून. कुणाला सांगितलं नाही. तक्त्यात आकडा फुगला, संस्थेतल्या ताईंनी पकडला, अर्धा दिवस मागे जाण्यात गेला. तेव्हापासून तो प्रत्येक फाइलला एक वेगळी शीट जोडतो: काय बदललं, कुठे, का आणि कुणाला विचारून. आज तो नोकरीत आहे आणि त्याच्या साहेबांना त्याच्या पदवीपेक्षा ती शीट जास्त आवडते, असं तोच सांगतो.

त्याच मुलाला मोडावी लागलेली दुसरी सवय म्हणजे ‘हो सर’. आपल्याकडे मोठ्यांना नाही म्हणायचं नसतं. शुक्रवारी दे म्हटलं की हो. बुधवारीच कळलेलं असतं की जमणार नाही, तरी तोंडातून शब्द निघत नाही, आणि शुक्रवारी संध्याकाळी पोट बिघडतं. बुधवारी जाऊन ‘एवढं झालंय, एवढं राहिलंय, सोमवार लागेल, चालेल का?’ हे विचारता येणं माझ्या हिशेबी सगळ्यात दुर्मीळ कौशल्य आहे. स्लाइडवर त्याला वेळेचं नियोजन म्हणतात. खरं तर तो धीराचा प्रश्न आहे, आणि धीर चार वेळा विचारून, त्यातून जिवंत परत आल्यावरच येतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना हेच इंग्रजीत, मेलवर करायचं असतं. त्यांना मी सांगतो, आधी मराठीत तीन ओळी लिहा, मग भाषांतर करा. तीन ओळींत मावलं नाही तर भाषेचा नाही, विचाराचा घोळ आहे.

हे सगळं मुंबईत कुणी आधी केलंच नव्हतं असं नाही. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या नावाने सुरू झालेली संस्था, म्हणजे आजची देवनारची टिस, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे नागपाड्याच्या नेबरहूड हाऊसमध्ये वस्तीत काम केलेले गृहस्थ. समाजकार्याच्या शिक्षणात फिल्डवर्क तेव्हापासून पोटातच आहे, तोंडी लावायला नाही. बहुतेक समाजकार्य महाविद्यालयांत आठवड्याचे दोन दिवस मुलं वस्तीत, हॉस्पिटलात, कोर्टात असतात. पण खरी मेख फिल्डवर्कच्या दुसऱ्या दिवशी आहे. जे घडलं त्याचं ‘रेकॉर्डिंग’ लिहायचं: कोण काय बोललं, मी काय बोललो, मला काय वाटलं. मग सुपरवायझरसमोर बसून आयसी, म्हणजे एकट्याची चर्चा. ‘ती बाई गप्प झाली तेव्हा तू लगेच पुढचा प्रश्न का विचारलास?’ या एका प्रश्नात अख्खं मानसशास्त्र येतं. सीएची आर्टिकलशिपही त्याच कुळातली. २०२३ च्या नव्या योजनेत ती तीन वर्षांची दोन झाली, तरी दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं.

त्यापुढे आमचे १२० तास म्हणजे चमचाभर. म्हणूनच त्यात आयसीसारखं काही घालणं जास्त गरजेचं. मी दर शनिवारी अर्धा तास मुलांना बसवतो आणि एकच विचारतो: या आठवड्यात कुणी तुझी चूक काढली? ‘कुणीच नाही सर, सगळं छान’ असं म्हणणाऱ्या मुलाची मला काळजी वाटते.

आणखी एक फायदा आहे, तो अहवालात लिहिता येत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं, की नोकरीची बातमी जवळच्या मित्रांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून जास्त येते. का? आपल्या जिवलगांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. लांबच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळात वावरतो. डोंबिवलीच्या चाळीत वाढलेल्या, घरात पहिल्यांदाच एमए होणाऱ्या मुलाकडे अशा ओळखी कुठून येणार? ज्याचे वडील नरिमन पॉइंटला बसतात त्याला त्या जन्मतः मिळतात. पंधरा दिवसांच्या ओजेटीत तीन-चार माणसं त्याला नावाने ओळखायला लागतात. याला वशिला म्हणू नका. वशिल्यात काम न बघता चिठ्ठी मिळते, इथे काम बघून. फक्त नंतर सहा महिन्यांनी त्यांना एक मेसेज टाकायची लाज सोडावी लागते.

आता पैशाचं. बहुतेक ओजेटी बिनपगारी असते, काही ठिकाणी पासापुरते पैसे मिळतात. मुलं सरकारी योजनांचं विचारतात. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत (२०२४) पदवीधर आणि पदव्युत्तरांना महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं, पण शिक्षण चालू असणाऱ्यांना ती नाही. केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना त्याच वर्षी महिना ५,००० रुपयांवर सुरू झाली, तिच्या तेव्हाच्या अटींत पूर्णवेळ शिकणारे बसत नव्हते आणि पदव्युत्तर पदवी घेतलेलेही नव्हते. म्हणजे केंद्राची योजना एमए करताना नाही, एमए झाल्यावरही नाही. दुपारी क्लासेस घेऊन घर चालवणाऱ्या मुलीसाठी पंधरा दिवस बिनपगारी म्हणजे सरळ तोटा. आमच्याकडे अशांना आठवड्यातून तीन दिवस करून तास पुरे करू देतो. जी मुलं आधीच नोकरी करतात, त्यांनी विभागप्रमुखांना आधी विचारून, विषयाशी संबंध दाखवून तीच जागा मागावी. परस्पर गृहीत धरू नये.

मुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कर्मचारी’ या शब्दात शिकाऊ आणि प्रशिक्षणार्थीही येतात, पगार मिळो न मिळो. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. पंधरा दिवसांचीच तर पाहुणी आहे, हे कारण चालत नाही.

माझ्या हातून झालेली एक चूकही सांगायला हवी. पहिल्या वर्षी मी एका मुलाचा अहवाल पास केला. लेटरहेड, शिक्का, हजेरी, सगळं होतं. दोन महिन्यांनी त्या भागात गेलो असताना सहज पत्ता बघायला वळलो. खाली शटर. शेजारचा पानवाला म्हणाला, हे तर वर्षभर बंदच आहे. मुलाला बोलावलं, तो म्हणाला, ‘सर, तुम्ही तासच मागितले होते.’ मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून हजेरीसोबत रोजची वही मागतो. त्यात पानभर निबंध नको. आज काय हातात दिलं, कुठे अडलो, कुणाला विचारलं. चार ओळी. खोटी वही लिहिणंही जमतंच म्हणा, पण वीस दिवस खोटं अडायला बरीच कल्पनाशक्ती लागते, आणि ती असलेला मुलगा कुठेतरी कामाचा होईलच.

हीच वही मुलाखतीत उपयोगी पडते. ‘तिथे काय केलंत?’ याला ‘मला खूप शिकायला मिळालं’ हे उत्तर नाही. ‘दोन स्टेशनांची नावं चुकीने एकत्र केली होती, ती कशी वेगळी केली ते सांगतो’ हे उत्तर आहे.

या वर्षीचे फॉर्म परवा आले. एमकॉमची एक मुलगी आली, प्रश्न तोच. ‘सर, मामांच्या ऑफिसात चालेल का? मशीद बंदरला आहे, ट्रान्सपोर्टचं.’

‘मामा तुझ्या चुका काढतील?’

तिने विचार केला. ‘मामा नाही काढणार. मामी काढतील. जीएसटीचं सगळं त्याच बघतात, आणि त्या मला मुळीच सोडणार नाहीत.’

नातेवाईक मार्गदर्शक म्हणून चालतो का, हे विभागप्रमुखांना विचारावं लागेल. तोवर मी फॉर्मवर पेन्सिलीने मामींचं नाव लिहून ठेवलं आहे.